सॉफ्टवेअरने काढलेली इटेमाइज्ड वजावट कशी तपासावी

अमेरिकेतलं टॅक्स सॉफ्टवेअर बेरीज-वजाबाकीत सहसा चुकत नाही. घोळ होतो तो आपण भरलेल्या आकड्यांत, नाहीतर घाईत दिलेल्या एखाद्या 'हो-नाही'त. त्यामुळे प्रश्नोत्तरांच्या स्क्रीनवर विसंबू नका. रिटर्न पाठवण्याआधी पीडीएफ उतरवून घ्या, शेड्यूल ए (इटेमाइज्ड वजावटीचा, म्हणजे खर्च एकेक दाखवून उत्पन्नातून वजा करण्याचा फॉर्म) उघडा आणि कागदपत्रं शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघा.

आधी सतरावी ओळ, म्हणजे या वजावटीची एकूण बेरीज. २०२५ सालासाठी स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) एकट्याला १५,७५० आणि जोडप्याच्या एकत्र रिटर्नला ३१,५०० डॉलर आहे. वय ६५ किंवा जास्त असेल तर थोडं जास्त. तुमचा आकडा याच्या बराच खाली असेल तर प्रश्न मिटला. जवळपास असेल तर मात्र पुढचं सगळं तपासा.

सगळ्यात मोठी रक्कम बुडते ती घरकर्जाच्या व्याजात, म्हणजे ओळ ८ए वर. वर्षात रिफायनान्स झालं (जुनं कर्ज फेडून नवं घेतलं) किंवा कर्ज दुसऱ्या कंपनीकडे गेलं की फॉर्म १०९८ (कर्ज देणाऱ्याकडून येणारा व्याजाचा दाखला) दोन येतात आणि दोन्हींच्या बॉक्स २ मध्ये मुद्दल छापलेलं असतं. समजा एकावर ४,८०,००० आणि दुसऱ्यावर ४,७०,००० डॉलर आहेत. कर्ज एकच, पण सॉफ्टवेअर दोन समजून साडेनऊ लाख धरू शकतं. १५ डिसेंबर २०१७ नंतरच्या कर्जाला मर्यादा साडेसात लाखांची. मग २४,००० डॉलर व्याजाचे १८,९४७ होतात आणि ५,०५३ डॉलरची वजावट फुकट जाते. जुन्या फॉर्मच्या नोंदीत 'कर्ज फेडलं' किंवा 'हस्तांतरित झालं' हा पर्याय निवडा आणि वर्षअखेरची शिल्लक शून्य टाका. आता ८ए वर दोन्ही बॉक्स १ ची बेरीज दिसायला हवी. तरीही जुळत नसेल तर कर खात्याच्या (आयआरएस) पब्लिकेशन ९३६ या पुस्तिकेतलं वर्कशीट हाताने भरून बघा. रिफायनान्समध्ये जादा रोकड काढून ती घराच्या कामाला लावली नसेल, तर तेवढ्या भागाचं व्याज धरता येत नाही.

ओळ ५ए वर डब्ल्यू-२ च्या (मालकाकडून मिळणाऱ्या पगाराच्या दाखल्याच्या) बॉक्स १७ मधला राज्याचा कर येतो. पण जानेवारी २०२५ मध्ये भरलेला राज्याच्या २०२४ च्या अंदाजे कराचा शेवटचा हप्ता आणि एप्रिलमध्ये राज्याला दिलेली बाकीही यातच धरायची. यंदा सॉफ्टवेअर बदललं असेल तर हे आकडे आपोआप येत नाहीत, नेमके इथेच सुटतात. ५बी वर उलटं होतं: प्रॉपर्टी टॅक्स १०९८ च्या बॉक्स १० मधूनही येतो आणि काउंटीच्या बिलावरून पुन्हा भरला जातो. सोसायटीची, म्हणजे एचओएची फी यात बसत नाही.

५ई वर राज्याचा कर आणि प्रॉपर्टी टॅक्स यांच्या बेरजेला लागणारी मर्यादा २०२५ साठी ४०,००० डॉलर आहे, वेगवेगळं रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला निम्मी. उत्पन्न पाच लाखांवर गेलं की ती घटत जाते. उत्पन्न त्याहून कमी, रिटर्न वेगळं नाही आणि तरी आकडा बरोबर १०,००० वर अडकला असेल, तर सॉफ्टवेअर अपडेट करा.

औषधपाण्याच्या खर्चातला एजीआयच्या (रिटर्नवरच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या) साडेसात टक्क्यांवरचा भागच धरला जातो. एचएसएमधून (आरोग्यखर्चाच्या करमुक्त बचत खात्यातून) दिलेले पैसे आणि पगारातून करपूर्व कापलेला विम्याचा हप्ता त्यात घालू नका.

देणगी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेचं पत्र रिटर्न भरण्याआधी हाती हवं. वस्तूंचं दान ५०० च्या वर गेलं तर त्याचा तपशील देणारा फॉर्म ८२८३ जोडलेला आहे ना, बघा. भारतातल्या देवस्थानाला किंवा संस्थेला थेट पाठवलेले पैसे इथे चालत नाहीत.

दर दुरुस्तीनंतर पीडीएफ नव्याने उतरवा आणि राज्याचं रिटर्नही पुन्हा उघडा. तिथलेही आकडे बदललेले असू शकतात.