थकलेला पगार मागताना या चुका टाळा

युनियनच्या कार्यालयात पगार बुडाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एक घोळ आधीच घालून ठेवलेला असतो. पैसे हातात पडायच्या आधी सही!

भोसरीत पॅकिंगला असलेल्या एका ताईंचा तीन महिन्यांचा पगार थकला होता. सुपरवायझर व्हाउचर घेऊन आला. "सही करा, संध्याकाळपर्यंत खात्यात जमा होईल." वर छापलं होतं, 'पूर्ण हिशेब मिळाला, काही येणे बाकी नाही.' ताईंनी रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही केली. पैसे आले नाहीत, आणि सुनावणीत कंत्राटदाराने तेच व्हाउचर काढून दाखवलं. ताईंना वाचवलं ते पासबुकाने. आधीचा प्रत्येक पगार खात्यात जमा, या तीन महिन्यांची मात्र एकही नोंद नाही. पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते, आणि त्याच्याकडे बँकेचा एकही कागद नव्हता. पैसे मिळाले, पण त्या एका सहीपायी तारखांवर तारखा पडल्या. म्हणून मी सगळ्यांना एकच सवय लावते: सहीखाली स्वतःच्या हाताने तारीख आणि 'रक्कम अद्याप मिळालेली नाही' असं लिहायचं. लिहू देत नसतील तर सही करायची नाही.

दुसरी चूक म्हणजे पळालेल्या कंत्राटदाराच्या बंद शटरसमोर महिनोन्‌महिने खेटे घालणं. कंत्राटदाराने पगार दिला नाही, तर ज्या कंपनीत तुम्ही राबलात तीच जबाबदार धरली जाते. कामगार आयुक्त कार्यालयात द्यायच्या अर्जात दोघांचीही नावं घाला. तिथे राबल्याचा पुरावा म्हणजे गेटपास; तो परत मागतील, त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.

'फुल अँड फायनल (नोकरी सुटल्यावरचा शेवटचा हिशेब) पंचेचाळीस दिवसांनी' हे एचआरचं वाक्य निमूट ऐकून घेऊ नका. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर कामाच्या २ दिवसांत. सुपरवायझर, मॅनेजर यांनाही हे लागू आहे. साहेब म्हणवणारे उगाच लाजून गप्प बसतात.

पगारातून कितीही कापता येतं असं समजू नका. सगळ्या कपाती मिळून निम्म्यावर जाता कामा नयेत.

व्हॉट्सॲपवरचे हजेरीचे मेसेज पुसू नका.

अर्जाला ३ वर्षांची मुदत आहे म्हणून थांबू नका. तोवर सोबतचे साक्षीदार गावी निघून गेलेले असतात.

आधी पोलीस चौकी, मग फेसबुकवर व्हिडिओ, मग टक्केवारीवर पैसे काढून देणारा एजंट, आणि सगळ्यात शेवटी कामगार आयुक्त कार्यालय, हा उलटा प्रवास पाहून मला फार वाईट वाटतं. अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, युनियनही करू शकते. प्राधिकाऱ्याला, म्हणजे अर्जाचा निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला, थकलेल्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. पहिल्याच तारखेला मालक अर्ध्या रकमेवर तडजोड मागतो आणि उतावळे लोक लगेच हो म्हणतात. निदान त्या दिवशी तरी हो म्हणू नका. घरी जा, महिनावार हिशेब फुलस्केपवर मांडा आणि पुढच्या तारखेला तो कागद घेऊन या.