ऑस्ट्रियातली हिवाळी सहल: शहरं पक्की ठरवा, डोंगराला मोकळे दिवस द्या

व्हिएन्नात राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात घरच्या कोणा ना कोणाची सहल आखून देण्याचं काम माझ्याकडे असतं. प्रत्येकाला तेच हवं असतं: थोडी शहरं, थोडा बर्फ. यादी बहुतेक जण तयार करूनच पाठवतात, आणि तिच्यात रोज एक नवं गाव, रोज एक नवा डोंगर असतो. मी आधी ती यादी सैल करते. शहर कुठल्याही हवेत बघता येतं. पाऊस असो, धुकं असो, संग्रहालयं, कॉफीहाउस, ऑपेरा कुठे जात नाहीत. डोंगराचं तसं नाही. ढग खाली उतरले की वर जाऊन समोरचा खांबसुद्धा दिसत नाही, आणि वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात. म्हणून शहरांच्या तारखा पक्क्या करा, आणि डोंगराच्या पायथ्याशी एकाच गावात किमान तीन, जमलं तर चार रात्री राहा. त्यातल्या कुठल्या दिवशी वर जायचं ते त्या त्या सकाळी ठरवा.

कधी यायचं

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. व्हिएन्नाचे नाताळबाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू होतात, म्हणून लोक नोव्हेंबरच्या शेवटची तिकिटं काढतात आणि पुढे चार दिवस बर्फाच्या गावी जायचं ठरवतात. त्या सुमारास बहुतेक डोंगरगावं झोपलेली असतात. उन्हाळी हंगाम संपलेला, स्कीचा सुरू व्हायचा, रोपवे देखभालीसाठी बंद आणि निम्मी हॉटेलं कुलूपबंद. चालू असतात ते मुख्यतः हिमनद्यांवरचे भाग: कापरूनचं किट्झश्टाइनहॉर्न, इन्सब्रुकजवळचं श्टुबाय, हिंटरटुक्स.

बाजार आणि डोंगर दोन्ही हवे असतील तर साधारण 10 ते 20 डिसेंबर हा काळ धरा. तोवर बहुतेक रोपवे सुरू झालेले असतात आणि नाताळची गर्दी यायची असते. बरेचसे बाजार 23 ते 26 तारखेदरम्यान आवरतात. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. 24 डिसेंबरला मात्र दुपारनंतर दुकानं बंद होतात, 25 आणि 26 सुट्टीचे, आणि रविवारी तर वर्षभर दुकानं बंदच. अशा दिवशी दूध-पाव लागला तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं सुपरमार्केट गाठायचं.

मला स्वतःला विचाराल तर मी 7 जानेवारीनंतर या म्हणेन. शाळांची नाताळची सुट्टी 6 तारखेला संपते, हॉटेलांचे भाव उतरतात, डोंगरावर बर्फ चांगला बसलेला असतो, आणि व्हिएन्नात बॉल नृत्यांचा हंगाम भरात असतो. बाजार हुकतात, हे खरं. पण बर्फ बघायला एवढ्या लांब येणाऱ्याला तो भरपूर मिळावा असं मला मनापासून वाटतं. फेब्रुवारीत शाळांना आठवडाभराची सत्रान्त सुट्टी असते. ती सगळ्या प्रांतांना एकदम नसते, तीन आठवड्यांत वाटलेली असते. त्यामुळे तो जवळजवळ अख्खा महिना डोंगर महाग आणि भरलेला.

एक गोष्ट घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवा: व्हिएन्नात बर्फ मिळेलच असं नाही. डिसेंबरात तापमान शून्याच्या आसपास रेंगाळतं, आभाळ करडं असतं आणि चार वाजता सूर्य मावळतो. म्हणून बाहेरची फिरती सकाळी, आतली ठिकाणं दुपारनंतर.

मार्ग

नकाशा उघडा आणि पूर्व-पश्चिम रेल्वेमार्गावर बोट ठेवा: व्हिएन्ना, लिंझ, साल्झबुर्ग, इन्सब्रुक. सहलीचा कणा हाच. व्हिएन्नाहून साल्झबुर्गला रेलजेट या वेगवान गाडीने अडीच तास लागतात, तिथून इन्सब्रुकला दोन तासांच्या आत. दहा रात्री हातात असतील तर व्हिएन्नात तीन, साल्झबुर्गला दोन, डोंगरात चार, शेवटची म्युनिकला, आणि परतीचं विमान तिथूनच. इन्सब्रुक ते म्युनिक रेल्वेने दोन तासांच्या आसपास. विमानाचं तिकीट येताना व्हिएन्ना, जाताना म्युनिक असं काढलं की परत पूर्वेला येण्यात दिवस वाया जात नाही.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. साल्झबुर्ग ते इन्सब्रुक दोन वाटांनी जाता येतं. वेगवान रेलजेट जर्मनीचा कोपरा कापून रोझेनहाइमवरून जाते. दुसरी वाट पूर्णपणे ऑस्ट्रियातून, बिशोफ्सहोफेन, झेल आम झे, झालफेल्डेन, किट्झब्यूल करत वळणावळणाने जाते. तिला वेळ बराच जास्त लागतो. तिकीट काढताना ॲप आपोआप वेगवान गाडी दाखवतं, तेव्हा ‘मार्गे’ या रकान्यात झेल आम झे टाका. बर्फाची गावं, गोठलेले ओढे, छपरावर हातभर बर्फ घेऊन उभी लाकडी घरं असं सगळं खिडकीशी येतं. शिवाय झेल आम झे हे मुक्कामासाठीही उत्तम: स्टेशन तळ्याकाठीच, गावातून चालत कुठेही जाता येतं, गाडी लागत नाही.

तिकिटांचं असं करा. ऑस्ट्रियाच्या रेल्वेची श्पारशीने नावाची स्वस्त तिकिटं मिळतात, पण ती ठरावीक गाडीला बांधलेली असतात. शहरा-शहरांतले लांबचे टप्पे त्यांवर आधीच काढून ठेवा. डोंगरातली छोटी ये-जा आधी काढू नका, नाहीतर हवा बिघडलेली असतानाही तिकीट फुकट जाऊ नये म्हणून निघाल. डिसेंबरच्या मध्यात युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, त्यामुळे त्यापुढच्या तारखांची तिकिटं उशिरा विक्रीला येतात. दिसली नाहीत तर घाबरू नका. व्हिएन्ना विमानतळावरून शहरात यायला हिरव्या रंगाची महागडी खास गाडी घेण्याचं कारण नाही. साधी रेलजेट पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशनावर सोडते आणि खूप स्वस्त पडते.

भाड्याची मोटार घेण्याचा विचार असेल तर 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असल्यास हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि महामार्गासाठी व्हिन्येट, म्हणजे टोल भरल्याचा परवाना, लागतं. बर्फात चालवायची सवय नसेल तर मी स्पष्ट नको म्हणेन.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. विमा किमान 30,000 युरोचा हवा. पण तेवढ्यावर थांबू नका. पॉलिसीत बर्फातले खेळ आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही लिहिलेलं आहे का ते वाचा. साध्या प्रवासविम्यात हे बरेचदा नसतं, आणि स्लेजवरून पडून पाय मोडला तरी हेलिकॉप्टर लागू शकतं.

डोंगराचा दिवस

सकाळी उठल्यावर खिडकीबाहेर बघून निर्णय घेऊ नका. जवळपास प्रत्येक रोपवेच्या वेबसाइटवर माथ्यावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र असतं, ते बघा. हिवाळ्यात खोऱ्यात थंड हवा साचून धुकं बसतं आणि वर लख्ख ऊन असतं, असं फार वेळा होतं. माझी मावशी आली होती तेव्हा झेल आम झे गाव दुधात बुडाल्यासारखं दिसत होतं. तिचे गुडघे दुखतात, बाहेर ओल, आज खोलीतच बसू म्हणाली. मी तिला फोनवर श्मिटेनहोहेच्या माथ्याचा कॅमेरा दाखवला: निळं आभाळ, बर्फावर सावल्या. नाश्ता अर्धा टाकून निघालो. रोपवेच्या डब्यात निम्म्या वाटेपर्यंत काचेबाहेर नुसता राखाडी रंग. मग एकदम डोळे मिटावे लागले, इतका उजेड. 1,965 मीटरवर मावशी स्वेटरची बटणं काढून बाकावर बसली, पायाखाली ढगांचं पठार आणि समोर तीन हजार मीटरची शिखरांची रांग. तिने बर्फात एक पाऊलही स्की केली नाही आणि तिचा दिवस भरून पावला. स्की न करणाऱ्यांसाठी रोपवेचं पायी प्रवाशांचं वेगळं, स्कीपासहून पुष्कळ स्वस्त तिकीट असतं. काउंटरवर मुद्दाम सांगून तेच मागा. आणि शेवटचा डबा खाली किती वाजता उतरतो ते वर जातानाच विचारून घ्या. बहुधा चार-साडेचारला सगळं आवरतं.

डोंगरगावात राहायचं नसेल तर इन्सब्रुकही चालेल. जुन्या शहराच्या कडेला काँग्रेस स्थानक आहे. तिथून झाहा हदिद यांच्या आराखड्याची, 2007 साली सुरू झालेली रेल्वे हुंगरबुर्गला नेते, पुढे दोन रोपवे, आणि बघता बघता तुम्ही सव्वादोन हजार मीटरच्या वर हाफेलेकारला. फक्त फ्यॉन वारा सुटला की वरचे टप्पे बंद होतात. दक्षिणेकडून येणारा हा उबदार वारा शहरात छान वाटतो, वर सोसाट्याचा असतो. अशा दिवशी इन्सब्रुकची गल्लीबोळं बघा.

स्की शिकायची असेल तर गावातल्या स्की शाळेत नवशिक्यांचा वर्ग घ्या. बूट, स्की, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं. एका दिवसात फक्त थांबायला शिकता येतं, मजा तिसऱ्या दिवशी येते. म्हणून वेळ कमी असेल तर मी लाकडी स्लेज सुचवते. पायाच्या टाचा दाबून वेग आवरायचा असतो, त्यामुळे घोट्यावर चढणारे दणकट बूट हवेत, आणि हेल्मेट घाला. झेल आम झे च्या पश्चिमेला, त्याच खोऱ्यात, ब्रामबेर्गच्या विल्डकोगेलवर 14 किलोमीटरची, रात्री दिव्यांनी उजळणारी उतरण आहे. लहान मुलांनी आणि नवख्यांनी आधी एखाद्या छोट्या उतरणीवर हात बसवावा. पायी फिरायचं तर बर्फ साफ केलेल्या हिवाळी वाटांवरूनच. उन्हाळ्यातल्या पायवाटा कित्येकदा हिमस्खलनाच्या उतारांखालून जातात. डोंगरातल्या मदतीचा क्रमांक 140, युरोपभरचा 112.

कपडे, बूट, पोट

सुती बनियन घामाने ओलं होऊन थंडी आणतं. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. काळा चष्मा आणि सनस्क्रीन डोंगरावर जानेवारीतही लागतंच. बुटांच्या तळव्यावर खोल नक्षी हवी. निसरड्या दिवसांसाठी बुटावर चढवायचे रबरी काटे इथल्या खेळाच्या दुकानांत मिळतात, म्हाताऱ्या माणसांसाठी ते जरूर घ्या. फुटपाथवर घसरू नये म्हणून बारीक खडी पसरतात, ती बॅगेच्या छोट्या चाकांत अडकते. तेव्हा मोठ्या चाकांची किंवा पाठीवरची बॅग बरी. आणि व्हिएन्नात भिंतीला तिरकी टेकवलेली काठी दिसली की त्या बाजूने चालू नका. छपरावरचा बर्फ खाली कोसळू शकतो, अशी ती सूचना असते.

शाकाहारींनी एवढं लक्षात ठेवावं: सूपमध्ये वरून फक्त पॅनकेकच्या पट्ट्या दिसल्या तरी पाणी बहुधा गोमांसाचं असतं. अंडं चालत असेल तर डोंगरातल्या झोपडीवजा उपाहारगृहात चीजमध्ये घोळलेले कासनोकन, म्हणजे पिठाचे छोटे गोळे, मागवा, मात्र वर बेकन नको म्हणून सांगा. गोड हवं तर काइझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेलं पॅनकेक, तेही अंड्याचंच. बाजारात भाजलेले चेस्टनट असतात, मुलांसाठी दारू नसलेला गरम पंच. पंचाच्या कपासाठी काही युरो अनामत घेतात, कप परत दिला की पैसे परत. नळाचं पाणी बिनधास्त प्या. व्हिएन्नाला ते 1873 पासून थेट डोंगरातल्या झऱ्यांवरून येतं.

शेवटची रात्र डोंगरात काढू नका. जोराचा बर्फ पडला की खोऱ्यातले रस्ते आणि कधी कधी रेल्वेमार्गही काही तास बंद होतात. विमानाच्या आदल्या संध्याकाळी म्युनिकला पोचून स्टेशनजवळ उतरा, आणि डोंगरातलं हॉटेल घेताना शेवटच्या दिवशी बॅगा दुपारपर्यंत ठेवून घेतील का ते विचारा. आभाळ मोकळं असलं तर त्या सकाळीही एकदा वर जाऊन येता येतं.