ग्रुपवर वाचतात सगळे, लिहीत कोणीच नाही? मग हे करून बघा

ज्यांनी कधी हौशी लोकांचा ऑनलाइन ग्रुप चालवलाय त्यांना हा मेसेज पाठ असेल, कारण प्रत्येक अ‍ॅडमिनने तो एकदा तरी टाकलेला असतो: "मंडळी, ग्रुप फार शांत झालाय, सगळ्यांनी काहीतरी शेअर करत राहा ही विनंती." मी पण टाकला. आमचा ग्रुप शाईपेनांचा, म्हणजे फाउंटन पेन, निब, शाया, कागद असल्या गोष्टींत जीव अडकलेली तीनशेच्या वर माणसं. त्या मेसेजला भराभर अंगठे आले, दोघांनी "अगदी बरोबर" लिहिलं, आणि मग परत अळीमिळी गुपचिळी. पुढच्या नऊ दिवसांत ग्रुपवर आलेली एकुलती एक पोस्ट माझीच होती.

त्यानंतर बऱ्याच चुका करत करत जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. तुमचा ग्रुप पेनांचा असो, पक्ष्यांचा, विणकामाचा नाहीतर कुंडीतल्या झाडांचा, माणसं अडतात ती साधारण त्याच जागी.

आधी एक गणित समजून घ्या म्हणजे उगाच रक्त आटवणार नाही. वेबसाइट वापरायला सोप्या कशा असाव्यात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन नावाच्या माणसाने २००६ मध्ये एक ढोबळ हिशोब मांडला होता, ९०-९-१. म्हणजे शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी काहीतरी टाकतात आणि एकजण सगळा गाडा ओढतो. आकडे ग्रुपगणिक इकडेतिकडे होतात, छोट्या ग्रुपात तर बरेच बरे असतात, पण चित्र तेच. त्यामुळे नव्वदांना बोलतं करायच्या मागे लागू नका. ते आळशी नाहीत, ते वाचायलाच आलेत, आणि वाचणारे नसतील तर लिहिणारा तरी कोणासाठी लिहील? लक्ष द्यायचं ते त्या नऊंकडे, आणि नव्वदांतल्या काठावर उभ्या असलेल्या दोनचारांकडे. हे ओळखायचे कसे? जो पोस्टवर अंगठा न देता प्रश्न विचारतो, जो अ‍ॅडमिनला पर्सनलवर मेसेज करतो, जो जुनी पोस्ट शोधून "ती कुठली शाई होती हो" विचारतो, तो काठावर आहे. त्याला फक्त कोणीतरी हात द्यायचा राहिलाय.

मग तो लिहीत का नाही? मी सरळ विचारलंच एका ताईंना. त्या पर्सनलवर मला इतके बारीक प्रश्न विचारायच्या की मी चाट पडायचो, पण ग्रुपवर एक अक्षर नाही. म्हणाल्या, "अहो दादा, तिथे एकेकाकडे चाळीस चाळीस पेनं, मी गेली अकरा वर्षं एकच वापरतेय, मी काय सांगणार?" आता बघा, ग्रुपात अकरा वर्षं रोज एकच पेन चालवलेलं दुसरं कोणीही नव्हतं! चाळीस पेनवाल्याला निब झिजल्यावर लिहिणं कसं बदलतं हे कधी कळणारच नाही, कारण त्याची निब झिजतच नाही. म्हणजे सांगण्यासारखं होतं, फक्त ते सांगण्यासारखं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्या मते निम्मा प्रॉब्लेम हा इथेच आहे, बाकी सगळ्या युक्त्या यानंतरच्या.

तर पहिलं आणि सगळ्यात कामाचं: सगळ्यांना आवाहन करणं बंद करा आणि एका माणसाला एक गोष्ट विचारा. "सगळ्यांनी" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे आहेत की. त्या ताईंना मी असं लिहिलं: "ताई, त्या पेनच्या निबचा जवळून एक फोटो आणि त्याने लिहिलेल्या दोन ओळी टाकाल का? कोरी निब आणि अकरा वर्षं चाललेली निब यात फरक काय पडतो हे दाखवू शकणारं ग्रुपात दुसरं कोणी नाहीये. फोटो हलला तरी चालेल." यात काय काय आहे बघा. काम छोटं आहे, पाच मिनिटांचं. काय टाकायचं ते नेमकं आहे. तुम्हीच का, ते सांगितलंय, आणि ते खरं आहे, मस्का नाही. आणि वाईट झालं तरी चालेल अशी आधीच सूट दिलीये. फोटो दुसऱ्या दिवशी आला. हललेला होता. त्याखाली जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या कुठल्याच मन लावून लिहिलेल्या पोस्टखाली झाली नव्हती, थोडा जळलोच मी.

हे माझंच डोकं आहे असं नाही. मूव्हीलेन्स नावाची सिनेमांना रेटिंग द्यायची साइट आहे, मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांची. त्यांच्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये छापून आला, काही मेंबरांना सांगितलं की तुमची आवड वेगळी आहे म्हणून तुमचं रेटिंग इतरांना जास्त उपयोगी पडतं, तर त्यांनी खरंच जास्त रेटिंग दिली. आणि "जमेल तेवढं करा" यापेक्षा नेमका आकडा दिलेल्यांनी जास्त काम केलं. म्हणजे "फोटो टाका" नको, "तीन फोटो टाका" म्हणा.

रोज एकाला असं विचारलं तरी पुष्कळ झालं. मी आठवड्याला तिघांना विचारतो, वहीत नाव लिहून ठेवतो म्हणजे त्याच माणसाला परत परत पिडलं जात नाही. नाही म्हणाला तर सोडून द्यायचं, तगादा लावला की माणूस ग्रुपच म्यूट करतो.

दुसरं, लिहायचं ओझं कमी करा. कोरा कागद बघून भल्याभल्यांची पाचावर धारण बसते. रॅव्हेलरी म्हणून विणकाम करणाऱ्यांची साइट आहे, २००७ मध्ये सुरू झालेली. तिथे प्रोजेक्टचं पान म्हणजे रकाने असतात, लोकर कुठली, सुई किती नंबरची, पॅटर्न कुठला. माणूस निबंध लिहीत नाही, रकाने भरतो, आणि भरता भरता शेवटी चार ओळी मनानेच लिहून जातो. आम्ही तेच उचललं. पेन, निब, शाई, कागद, आणि शेवटी "काय आवडलं नाही". हा शेवटचा रकाना फार चालला, कारण कौतुक करायला लोकांना शब्द सापडत नाहीत, तक्रार करायला मात्र भरपूर सापडतात.

ओझं म्हणजे परवानग्या पण. "पोस्ट आधी अ‍ॅडमिनला दाखवा, मग टाका" असा नियम असेल तर आजच काढा. विकिपीडियाच्या आधी त्याच लोकांनी न्यूपीडिया काढला होता, २००० साली. तिथे लेख तज्ज्ञांनी लिहायचा आणि मग तपासणीच्या सात पायऱ्या. वर्षभरात जेमतेम २१ लेख पार पडले. जानेवारी २००१ मध्ये कोणीही येऊन लिहा म्हणून विकिपीडिया चालू केला तर वर्ष संपेपर्यंत आकडा २०,०००च्या आसपास गेला. त्यात कच्चे लेख ढिगाने होते हे मान्यच, पण कच्चा लेख कोणीतरी येऊन दुरुस्त करतो, न लिहिलेला लेख कोण दुरुस्त करणार? नियम हवेत, पण चारपाच ओळींत. आमचे पूर्वी सतरा होते, नवीन माणसाला आल्या आल्या ते सतरा वाचायला लावायचो, नमनालाच घडाभर तेल.

आणि हो, अ‍ॅडमिनने स्वतः टाकलं पाहिजे, आणि ओबडधोबड टाकलं पाहिजे. ही माझ्या चुकांतली मोठी चूक होती. मी पोस्ट टाकायचो ती खिडकीजवळच्या उजेडात काढलेल्या फोटोंसकट, शुद्धलेखन तपासून, एकदम मासिकासारखी. मला वाटायचं लोकांना स्फूर्ती येईल. लोकांना धसका बसला! मग एकदा रात्री कन्व्हर्टर, म्हणजे पेनातली शाईची नळी, भरताना शाई सांडली, बोटं निळीजांभळी, बनियनवर डाग, तसाच फोटो काढून टाकला, "हे जातं का कशाने?" एवढंच लिहिलं. जे लोक वर्षभर गप्प होते ते उपाय सांगायला लागले, आपापल्या सांडासांडीचे फोटो आले, एकाने तर भिंत दाखवली. तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तरी स्वतःची फजिती टाकतोच, आणि फजिती शोधायला लांब जावं लागत नाही.

पोस्ट आली की पुढचे काही तास फार नाजूक असतात. पहिल्यांदा लिहिणारा माणूस दर दहा मिनिटांनी फोन बघत असतो, कोणी काही बोललं का. काहीच नाही आलं तर तो परत लिहीत नाही, विषय संपला. त्यामुळे नवीन माणसाच्या पहिल्या पोस्टला त्याच दिवशी उत्तर गेलंच पाहिजे असा आम्ही चौघांनी आपसात नियम केलाय, ज्याची पाळी असेल तो देतो. उत्तर म्हणजे "वा छान" नव्हे, त्याने बोलणं तिथेच मिटतं. पोस्ट खरंच बघितल्याशिवाय विचारता येणार नाही असा एक प्रश्न विचारायचा. "तिसऱ्या ओळीत शाई फिकट झालीये, तिथे पेन थांबवलं होतं का?" असं विचारलं की माणूस खुलतो, कारण आपलं अक्षर कोणीतरी ओळ ओळ बघितलंय.

आता जाणकारांचं. प्रत्येक ग्रुपात एकदोन असतात, त्यांना खरंच सगळं येतं, आणि तेच लोकांची तोंडं बंद करतात. आमच्याकडे एका नवीन मुलाने उत्साहाने लिहिलं की मी फाउंटन पेनात ड्रॉइंगची इंडिया इंक भरली, काळा रंग काय मस्त येतो! आता ही चूकच आहे, त्या शाईत बहुतेकदा लाख असते, ती वाळून फीडमध्ये, म्हणजे निबपर्यंत शाई आणणाऱ्या भागात, बसली की पेन गेलं समजा. पण आमच्या जाणकारांनी उत्तर दिलं, "इतकं बेसिक माहीत नसेल तर आधी वाचा, मग लिहा." मुलगा त्या दिवशी ग्रुप सोडून गेला, आणि त्याच्यामागे किती जणांनी मनातल्या पोस्टी मनातच ठेवल्या ते कळायला मार्गच नाही. मी ग्रुपवर भांडलो नाही, त्यांना फोन केला. म्हटलं काका, माहिती तुमची सोळा आणे बरोबर, पण तीच अशी सांगा ना: आज रात्रीच पेन धुऊन टाक, साध्या पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, का ते मग सांगतो. गंमत म्हणजे काकांना राग आला नाही, त्यांना फक्त कोणी कामाला लावलं नव्हतं. आता दर रविवारी "काकांना विचारा" असतं, लोक अडलेली पेनं घेऊन येतात आणि तेही समजावून सांगतात, एखाददुसरा टोमणा मारतात पण तेवढा चालतो.

बक्षिसांबद्दल थोडं सावध राहा. मी एकदा स्पर्धा ठेवली होती, सगळ्यात जास्त पोस्टी टाकणाऱ्याला शाईची बाटली. एकाने दोन दिवसांत चाळीसेक फोटो टाकले, तेच पेन डावीकडून, तेच उजवीकडून, मग दुसऱ्याने आक्षेप घेतला, मग मोजणी, मग भांडण. बाटली गेली आणि पुढचे तीन आठवडे ग्रुप आधीपेक्षा थंड. १९७३ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा. चित्र काढायची मुळात आवड असलेल्या मुलांना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं रंगांकडे कमी फिरकली. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि मोल लावलं की हौस उडते. न सांगता पाठ थोपटा, ते चालतं. विकिपीडियावर बार्नस्टार म्हणून शाबासकीचं चिन्ह असतं, कोणीही कोणालाही देतं, पैशाचा संबंध नाही. २०१२च्या एका अभ्यासात सगळ्यात जास्त काम करणाऱ्यांपैकी काहींना उगाच चिठ्ठी काढल्यासारखे हे बार्नस्टार दिले, तर पुढच्या ९० दिवसांत त्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त भरलं.

ठरलेला वार असला की बरं पडतं. शाईने चित्रं काढणाऱ्यांचं इंकटोबर माहीत असेल, जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने २००९ मध्ये सुरू केलं, ऑक्टोबरचे ३१ दिवस आणि रोज एक शब्द. आज काय काढू हा प्रश्नच मिटतो. रोजचं आम्हाला झेपलं नाही, आठव्या दिवशी मी एकटाच उरलो होतो. आठवड्यातून एकदा झेपतं. विषय मात्र असा हवा की नवख्याला पण जमेल आणि मुरलेल्याला पण मजा येईल. "तुमच्याकडचं सगळ्यात भारी पेन" हा विषय फ्लॉप, ज्यांच्याकडे भारी नाही ते गप्प. "जे पेन तुम्ही कोणाला हात लावू देत नाही" याला धो धो प्रतिसाद.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. माणसाने टाकलेलं त्याच्या स्वतःच्या पण उपयोगी पडलं पाहिजे. पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवणारी ईबर्ड ही साइट २००२ मध्ये सुरू झाली तेव्हा सूर असा होता की विज्ञानासाठी नोंदी द्या, आणि प्रतिसाद बेताचा. काही वर्षांनी त्यांनी पक्षी बघणाऱ्यांना आपापल्या याद्या ठेवायची सोय दिली, मी आजवर किती पक्षी पाहिले, कुठे पाहिले, आणि मग नोंदी वाढत गेल्या. आम्ही साधी एक शीट केली, प्रत्येकाच्या नावासमोर त्याने टाकलेले शाईचे नमुने लिंकसकट. लोक स्वतःची ओळ बघायला येतात आणि रिकामा रकाना दिसला की भरतात. शिवाय चॅटमध्ये टाकलेलं आठ दिवसांत वाहून जातं, कष्ट करून लिहिलेलं गायब होणार असेल तर कोण लिहील?

मागच्या महिन्यात मला पाच दिवस ग्रुपकडे बघायलाच झालं नाही. परत उघडलं तर अकरा वर्षं एकच पेनवाल्या ताईंनी एका नव्या मेंबरला लिहिलेलं होतं, "तुमच्या त्या टोपण फुटलेल्या पेनचा फोटो टाका ना, हलला तरी चालेल." खाली ४२ मेसेज. त्यात मला कोणी काही विचारलेलंच नव्हतं.