आण्णा रात्री पाळीला निघाले तर गावानं काय करायचं

आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ८१. सगळी उमर सोलापुरात गिरणीत गेली. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण तीन वर्षांपूर्वी एका रात्री अडीच वाजता उठले, टोपी घातली, डबा मागितला आणि म्हणाले भोंगा झाला, पाळीला जायचंय. आम्हाला वाटलं झोपेत बडबडतायत. मग आठवड्यातून दोनदा, मग रोजच. एकदा कडी काढून गेले ते हायवेच्या कडेला सापडले, तेही दूध घालायला निघालेल्या पोरानं ओळखलं म्हणून. त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली, हे एकट्या सुनेचं काम नाही. आणि गाव आपणहून मदतीला येईल म्हणून वाट बघत बसलात तर तसंही होत नाही. लोकांच्या मनात असतं पण नेमकं काय करायचं ते त्यांना माहीत नसतं, ते आपण सांगावं लागतं. म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला गावानं कसं सांभाळायचं ते लिहितेय. आमचं गाव उत्तर सोलापूर तालुक्यातलं, पण मोहोळ, माढा, सांगोला कुठंही थोड्याफार फरकानं हेच लागू पडेल.

पहिलं काम तपासणी. आपल्याकडं 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतात, नाहीतर बाहेरचं झालंय म्हणून लिंबू उतरवतात. आम्हालाही एका डॉक्टरांनी "वय झालंय, चालायचंच" म्हणून परत पाठवलं आणि त्यात आमचं जवळजवळ वर्ष गेलं, त्याची मला अजून हळहळ वाटते. वय झालं की थोडं विसरणं वेगळं आणि हा आजार वेगळा. चष्मा कुठं ठेवला ते विसरलं तर ठीक, पण चष्म्याचं काय करायचं तेच कळेना, रोजच्या वाटेवर चुकायला लागले, पाच मिनिटांत तोच प्रश्न दहादा, हिशोब जमेना, तर दाखवायला पाहिजे. याला स्मृतिभ्रंश म्हणतात, डिमेन्शिया. २०२३ मध्ये छापून आलेल्या देशभराच्या पाहणीत ६० च्या पुढच्या दर शंभरात सात जणांना तो निघालाय, म्हणजे देशात जवळपास ८८ लाख माणसं, आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्याही गावात असणार, घरात झाकून ठेवलेलं असेल एवढंच.

आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी, शुगर, हिमोग्लोबिन बघून घ्या, आशाताईला विचारा ती बरोबर मार्ग लावते. मग सोलापुरात सिव्हिलला न्या, मेडिसिन आणि मानसोपचार दोन्हीकडं दाखवता येतं. थायरॉईड आणि बी१२ ची तपासणी करा म्हणून आपण होऊन सांगा, कारण या दोन्हीच्या कमतरतेनं सुद्धा माणूस विसराळू होतो आणि ते औषधानं सुधारू शकतं. मन खचलेलं असलं, कान गेलेले असले तरी माणूस भ्रमिष्टासारखा वाटतो. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेच्या, सर्दीच्या सुद्धा, काही गोळ्यांनी डोकं आणखी गोंधळतं. खऱ्या स्मृतिभ्रंशावर पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, तेवढीच आशा ठेवा आणि पूर्ण बरं करतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागू नका.

एक मात्र लक्षात ठेवा, बिघाड दोन-चार दिवसांत अचानक झाला असेल तर ते वेगळं आहे. लघवीचं इन्फेक्शन, ताप, अर्धांगाचा झटका, पडून डोक्याला मार, यातलं काहीही असू शकतं, तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि आपल्या सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, पारा ४२ च्या वर जातो आणि या माणसांना तहान लागलेली कळत नाही की पाणी प्यायचं राहिलं ते आठवत नाही. आम्ही एप्रिल-मेमध्ये तासातासाला हातात पेला देतो. "पाणी पिणार का" असं विचारत नाही, विचारलं की नकोच म्हणतात.

आता गावाचं. लपवू नका. मला माहीत आहे हे किती अवघड आहे, लोक येडा म्हणतील, पोरीच्या सोयरिकीत आडवं येईल, हे सगळं आमच्या घरातही बोललं गेलं. पण लपवलं की काय होतं, आण्णा वेशीबाहेर जाताना दहा जण बघतात आणि दहाही जणांना वाटतं असतील निघाले कुठंतरी. मी घरोघर जाऊन एकच वाक्य सांगितलं, "आण्णांना मेंदूचा आजार झालाय, त्यांना वाट सुधरत नाही, एकटे दिसले तर बोलत बोलत घरी आणा नाहीतर मला फोन करा." एवढंच. आजार म्हटलं की लोक हसत नाहीत हो, उलट दोन घरांनी हळूच सांगितलं की आमच्याकडं पण असंच आहे.

सगळ्या गावाला सांगून भागत नाही, सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. पाच ठिकाणं धरा. आमची पाच अशी: शेजारचं घर, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एसटी थांब्यावरची चहाची टपरी, देवळातले पुजारी आणि पहाटे सगळीकडं फिरणारा तो दूधवाला पोरगा. या पाच जणांकडं आण्णांचा फोटो आणि घरातले दोन नंबर आहेत. तुम्ही तुमची पाच तुमच्या माणसाच्या पायाखालच्या वाटेवरून ठरवा, तो रोज जिथून जातो तिथलीच माणसं उपयोगी पडतात. आठवडी बाजार असेल तर बाजाराच्या दिवशी एक जण जास्त ठेवा. त्यांच्या टोपीच्या आतल्या बाजूला, सदऱ्याच्या कॉलरखाली फोन नंबर कापडावर लिहून शिवून टाका. खिशातलं कार्ड टिकत नाही, काढून फेकतात. स्टीलच्या कड्यावर नंबर कोरून घेतला तर आणखी चांगलं.

बोलायचं कसं हे या पाच जणांना जरूर शिकवा, इथंच जास्त चुका होतात. भेटलं की लोक परीक्षा घेतात, "आण्णा मला वळखलं का, सांगा बरं मी कोण?" असं करू नका, त्यांना आठवत नाही आणि आठवत नाही हे मात्र कळतं, मग चिडतात नाहीतर रडकुंडीला येतात. आपणच सांगायचं, "आण्णा मी शेजारचा, पाया पडतो." समोरून यायचं, पाठीमागून हात धरायचा नाही, एका वेळी एकानंच बोलायचं. आणि वाद घालायचा नाही. सुरुवातीला मी सांगायची की आण्णा गिरणी बंद झाली, तुमचे जोडीदार गेले, आणि दर वेळी त्यांना ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं लागायचं. आता टपरीवाला काय करतो, "कुठं निघालाव आण्णा? पाळीला? अजून टायम हाय की, बसा, च्या घ्या." चहा होईपर्यंत फोन आलेला असतो आणि मी पोचते. आल्यावर मीही तेच धरते, "आज सुट्टी आहे आण्णा, चला." त्याला खोटं बोलणं म्हणा हवं तर, मला तो माणूस शांत झालेला दिसतो.

सापडेनात तर काय, हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी डोकं चालत नाही. पहिली माणसं पाण्याकडं पाठवा, विहीर, शेततळं, कॅनॉल, मग उसात, मग रस्त्यावर. उसात गेलेला माणूस हाक मारली तरी ओ देत नाही, म्हणून सरीसरीनं बघावं लागतं. त्याच वेळी एकानं त्यांच्या जुन्या जागा बघायच्या, जुनं घर, माहेर, कामाचं ठिकाण. अर्ध्या तासात नाही सापडले तर पोलीस पाटलांना सांगा आणि ११२ ला फोन लावा. २४ तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत ही अफवा आहे, असा काही नियम नाही. गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असेल तर एका फोनवर सगळ्या गावाच्या मोबाईलवर निरोप जातो, तुमच्या गावाची नोंद आहे का ते पोलीस पाटलांना आजच विचारून ठेवा. देवळाच्या स्पीकरवरनं सांगा. एसटीच्या कंडक्टरला फोटो पाठवा. आषाढीच्या दिवसांत जास्त जपा, टाळ ऐकला की जुना वारकरी उठून चालायला लागतो, आणि पंढरपूरच्या त्या गर्दीत एकदा हात सुटला की शोधणं फार कठीण. वारीचा हट्टच असेल तर गर्दी ओसरल्यावर, दोन माणसं बरोबर घेऊन दर्शन घडवा.

घरात शेताची औषधं कुलपात ठेवा, हे मी दोनदा सांगेन, कुलपातच. फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवायची आपल्याकडं सवय आहे आणि या माणसाला ते सरबत वाटतं. विहिरीला कठडा नाहीतर जाळी. रात्री मोरीकडं जायच्या वाटेवर बारका बल्ब चालू.

कागदांचं पण बघा, लवकर बघा. अंगठा घेऊन जमीन लिहून घेतल्याचे प्रकार घडतात आणि करणारे बहुतेक जवळचेच असतात. माणसाला समजतंय तोवर मृत्युपत्र, बँकेचं वारस नाव, सातबारा सगळं वकिलाला दाखवून घ्या. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला दरवर्षी लागतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, यंत्रावर बोट उमटत नसलं तरी अडत नाही. ७० च्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं, पण ते ॲडमिट झाल्यावरच्या खर्चाला, घरी सांभाळायला नाही.

आणि सांभाळणारी. ती बहुतेक बाईच असते आणि तिला कुणी विचारत नाही. सहा महिने मी सलग झोपले नव्हते, एक दिवस आण्णांवर ओरडले आणि मग चुलीपुढं बसून रडले. आमच्या बचत गटाच्या मीटिंगला हे तोंडातून निघून गेलं आणि तिथल्या बायकांनीच ठरवलं, दर बुधवारी दुपारी दोघी येऊन आण्णांजवळ बसणार, शेंगा फोडणार, आण्णाही फोडतात, हाताला सवयीचं काम मिळालं की ते रमतात. मी त्या तीन तासांत झोपते नाहीतर माहेरी जाऊन येते. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका कुणाला, ती सांगत नाही. वार आणि वेळ सांगा. नवरा, दीर, पोरं यांनी रात्रीची पाळी वाटून घ्यावी. मन फारच भरून आलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, रात्रीबेरात्री मराठीत बोलतात, आणि म्हाताऱ्या माणसांच्या कुठल्याही अडचणीला एल्डरलाइन १४५६७, दोन्ही फुकट.

आमच्या भजनी मंडळानं एक केलंय ते पण सांगते. नावं विसरली, पोरं विसरली तरी लहानपणापासून म्हटलेले अभंग बरेच दिवस आत राहतात. आण्णांना संध्याकाळी फार घालमेल होते, दिवस कलला की "घरी जायचंय" सुरू, घरातच बसून. आता साडेसहाला मंडळातलं कुणीतरी येऊन त्यांना देवळात नेतं, टाळ हातात देतं. मध्येच ठेका चुकतो, तेव्हा शेजारचा जरा जोरात वाजवतो आणि आण्णा परत त्यात मिसळतात. आठ वाजता आणून सोडतात, मी भाकरी कुस्करून ठेवलेली असते.