जुनी पिकअप घेताय? या चुका टाळा: आधी चेसिस, मग कागद, रंग सगळ्यात शेवटी

आठ-दहा वर्षं पळालेली पिकअप बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो, गाडी चालू करायला लावतो आणि आवाज ऐकून मान डोलावतो. 'इंजिन एक नंबर आहे' असं एजंट म्हणाला की सौदा निम्मा झालाच. खरं तर इंजिन ही या गाडीतली त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. बिघडलं तर आपल्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काम करून मिळतं, पार्ट मिळतात, खर्चाचा आकडा आधी काढता येतो. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली किंवा कागद अडकले तर आकडा कुणीच सांगत नाही.

खाली न वाकता विसार देणं

गाडी आधी काय वाहत होती, हा पहिला प्रश्न. कोकणातून घाटमार्गे मासळी आणणारी असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून खाली झिरपलेलं असतं. रासायनिक खताची पोती वाहणारीचंही तेच. हौद्यात नवा पत्रा मारला की वरून सगळं चकाचक दिसतं. गंज बसलेला असतो हौदा आणि चेसिस जिथं एकमेकांवर टेकतात तिथं. टॉर्च घेऊन खाली शिरा आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) हँगरजवळ स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. पापुद्रे सुटले तर गाडी सोडा. सगळी चेसिस जुनी आणि मधलाच हातभर तुकडा ताजा काळा रंगवलेला दिसला तर तिथं वेल्डिंग आहे असंच धरा.

पाटे मोजा. जादा पाटा घातलेला असेल तर मालकानं गाडी ओव्हरलोड मारली आहे. आरसी बुकावर एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. त्यातला फरक म्हणजे तुमची क्षमता, ड्रायव्हरसकट. 1,300 किलोच्या गाडीत 30 किलोचे गुळाचे रवे (ढेपा) भरले तर 43 रव्यांतच 1,290 किलो होतात. मार्केट यार्डात एवढ्यावर कोण थांबतो? जादा पाट्यानं गाडी बसत नाही, पण तो भार चेसिस, हाऊसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) आणि ब्रेक सोसतात, आणि त्यांचं बिल पुढच्या मालकाला येतं.

दुसरी भीती महापुराची. 2019 आणि 2021 च्या पुरात इथल्या किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण पाहिलंय. बुडालेली गाडी धुऊन, सुकवून, रंगवून विकता येते, पण सगळ्या कोपऱ्यांतला गाळ निघत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसेल. फ्यूज बॉक्सच्या टोकांवर हिरवट गंज आणि सीटखालच्या बोल्टांवर गाळ असेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वायरिंगचा दोष एकदा मागं लागला की पाठ सोडत नाही.

'कागद नंतर बघू' म्हणणं

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी तीन-तीन हातांतून फिरते आणि नाव पहिल्याच मालकाचं राहतं. यात विकणाराही अडकतो. अपघात झाला तर कायद्याच्या लेखी ज्याचं नाव नोंदणीत, मालक तोच, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलंय. घेणाऱ्यानं 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. फायनान्सचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे मोजू नका. 'पुढच्या आठवड्यात मिळतंय' या वाक्यावर तर अजिबात नाही.

केए-22 आणि केए-23, म्हणजे बेळगाव-चिकोडीकडच्या गाड्या इकडं स्वस्त दिसतात. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, एमएच-09 चा, म्हणजे कोल्हापूरचा नवा नंबर हे सगळं मिळवून किंमत करा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथंच संपते. नंबर ऑनलाइन टाकून पासिंग (फिटनेस), टॅक्स, विमा आणि ई-चलान बघायला पाच मिनिटं लागतात. चेसिस नंबर मात्र गाडीवर स्वतः वाचायचा, फोटोवरून नाही.

गरम गाडीवर ट्रायल घेणं

तुम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि थंड होऊ द्या. किंवा उद्या सकाळी, न सांगता जा. थंड डिझेल इंजिन किती सेल मारल्यावर उठतं, तिथं पंप, नोजल आणि कॉम्प्रेशनची हालत कळते. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडा. भकाभक धूर आणि दाब आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनाचं काम निघणार. निळा धूर ऑइल जळल्याचा. काळा धूर जास्त डिझेल किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरचा. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ चालतो, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅसकेटकडं बघा.

ट्रायल शहरात सपाटीला घेऊ नका. थोडा माल टाकून वाघबीळ किंवा जोतिबाचा चढ चढवा. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढं सरकत नाही, असं झालं तर क्लच प्लेट गेली. तापमानाचा काटा वर चढला तर आधी रेडिएटरची जाळी बघा. धूळ आणि पाचटानं ती बाहेरून बुजते. इथं मेकॅनिकचा एक लाडका उपाय आहे, 'थर्मोस्टॅट काढून टाकू'. तो मानू नका. इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त पितं, बोअर-पिस्टन लवकर झिजतात. नळाचं पाणी भरणंही तसलंच. आत क्षार साठतात. कूलंट घाला, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे गगनबावड्याच्या घाटात आजही भेटतात. त्यात इंजिन बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम जातो, पेडल दगडासारखं कडक होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागंच असतो. ब्रेक कडक लागतोय आणि चार्जिंगही कमी आहे, असं दोन्ही एकदम झालं तर सील फुटून ऑइल अल्टरनेटरमध्ये गेलंय का, ते आधी बघा.

फक्त हप्ता मोजणं

हप्ता कमी बसतो म्हणून गाडी घेतली जाते. मग थर्ड पार्टी विम्याचा हप्ता समोर येतो: 7,500 किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला 2022 च्या दरपत्रकात 16,049 रुपये, जीएसटी वेगळा. गाडी आठ वर्षांपलीकडं गेली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी, वर पर्यावरण कर. गाडी जुनी होत जाईल तशी पासिंगची फीही चढते.

सगळ्यात मोठी गळती डिझेलची. महिन्याला 1,500 किलोमीटर गाडी पळते असं धरा. 14 चं ॲव्हरेज 10 वर आलं तर सुमारे 43 लिटर जादा जातं. लिटरला 90 रुपये धरले तर महिन्याला 3,850 रुपयांच्या आसपास. एअर फिल्टर, टायरची हवा, चिकटलेले ब्रेक आणि नोजल या चार गोष्टींत याचं मूळ बहुतेक वेळा सापडतं.

टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी चांगली असली तरी रबर सात-आठ वर्षांचं असेल तर चारही टायरचे पैसे किंमतीतून कापून मागा. देत नसतील तर दुसरी गाडी बघा.