दोन देशांचं प्रमाणपत्र देणारी शाळा निवडताना

सोलापूरची मुलं मराठी, तेलुगू, कन्नड ऐकतच वाढतात. दुसऱ्या भाषेची धास्ती नको. बघायचं ते प्रमाणपत्र. शाळा ‘दोन देशांचं’ म्हणाली, तर प्रत्येक प्रमाणपत्राची परीक्षा कोण घेतं, हे लेखी मागा. फ्रान्स-जर्मनीच्या ‘आबिबाक’ला, म्हणजे दोन्ही देशांची शालान्त प्रमाणपत्रं एकत्र देणाऱ्या अभ्यासक्रमाला, १९९४च्या कराराचा आधार आहे, दोन्ही देशांची मान्यता आहे. शिवाय तिथे इतिहासही दुसऱ्या भाषेत शिकवतात. नुसता भाषेचा एक तास वाढवला म्हणजे शाळा द्विभाषिक होत नाही!

भारतातल्या शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, पाहा. परदेशी प्रमाणपत्राला इथे बारावीची समकक्षता आहे का, तेही विचारा. आणि सातवीच्या एखाद्या तासाला मागच्या बाकावर बसून या. मी तरी त्याआधी फी भरणार नाही.