नेट गेलं? प्लग उपटण्याआधी दिवे बघा

नेट बंद पडलं की आपला हात आधी राउटरच्या प्लगकडे जातो. त्याने कधीकधी काम होतंही. पण आधी मिनिटभर खोक्यावरचे दिवे बघा. बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा तेच सांगतात.

फायबरचं कनेक्शन असेल तर ‘एलओएस’ (LOS, म्हणजे सिग्नल तुटला) लिहिलेला दिवा शोधा. तो लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच पोचत नाहीये. राउटर दहादा चालू-बंद करून उपयोग नाही. मागची बारीक वायर कपाटामागे चेपलीय का, मुडपलीय का, ते पाहा. आत काचेचा तंतू असतो, तो काटकोनात वळवलेला चालत नाही. वायरचं टोक नीट बसलंय याची खात्री करा, पण ते काढून आत डोकावू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. तरीही दिवा लालच राहिला तर तक्रार करा आणि ‘नेट चालत नाही’ऐवजी ‘एलओएस लाल आहे’ असं सांगा. लाइनमनला नेमकं काय घेऊन यायचं ते कळतं.

‘पॉन’ (PON, कंपनीच्या फायबरशी जोडणी झाल्याचं दाखवणारा दिवा) स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद? आधी रिचार्ज संपला नाही ना, ते बघा (हसू नका, होतं असं). मग प्लग काढून अर्ध्या मिनिटाने लावा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.

दिवे सगळे ठीक, तरी व्हिडिओ अडकतोय? लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. केबलवर सुरळीत चाललं तर दोष वायफायचा. इमारतीत शेजाऱ्यांचे दहा राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यावर गर्दी करतात, त्यात मायक्रोवेव्हचीही भर. जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा. भिंतीपलीकडे २.४च बरं पोचतं. तिथे सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ करून बघा. केबलवरही वेग १०० एमबीपीएसच्या आसपास अडकला आणि प्लॅन जास्तीचा असेल, तर केबल बदला. आतल्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी हे होतं.

राउटर मध्येच आपोआप बंद-चालू होत असेल तर अडॅप्टरवर संशय घ्या. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

मागच्या बारीक भोकातलं रिसेट मात्र टोचू नका. मी एकदा टोचलं. लॉगिनचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दोन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढले.